आधी पैज, मग घोडा: रेसच्या नियमांमागचा इतिहास

१८१२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज इथे डॅनियल डॉसन नावाच्या माणसाला हजारोंच्या गर्दीसमोर फाशी दिली गेली. न्यूमार्केट या रेसच्या गावी सरावाचे घोडे ज्या हौदांवर पाणी पीत, त्यात त्याने सोमल हे विष कालवले होते. घोडे मेले. त्यामागे सट्ट्याचा पैसा होता. फाशीपर्यंत मजल गेली म्हणजे त्या काळी घोड्याच्या जिवाला फार किंमत असणार, असे वाटेल. किंमत होतीच, फक्त ती मालकाच्या हिशेबवहीत मांडली जायची. त्याच न्यूमार्केटमध्ये एखाद्या मालकाने आपलाच घोडा मरेस्तोवर झोडपला असता, तर त्याला अडवणारा कायदा तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हता.

रेसमध्ये घोड्याचे हाल होतात की नाही, यावरून आज जो वाद रंगतो, त्याचे मूळ या विसंगतीत आहे. रेसचे नियम जुने आहेत आणि बऱ्यापैकी कडकही आहेत. पण ते लिहिले गेले पैज लावणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून. घोड्याचा विचार त्यात फार उशिरा आला, तोही बहुतेक वेळा मागच्या दाराने.

डॉसनच्या फाशीनंतर दहा वर्षांनी, १८२२ मध्ये, रिचर्ड मार्टिन या आयरिश खासदाराच्या खटपटीने ब्रिटिश संसदेने जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा पहिला कायदा केला. दोन वर्षांनी लंडनमध्ये प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था निघाली आणि १८४० मध्ये तिला राणी व्हिक्टोरियाची कृपा लाभून ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. सुरुवातीला या चळवळीचा रोख होता गुरांचा बाजार आणि भाड्याच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांवर. म्हणजे गाडीवान आणि कसाई कोर्टात उभे राहिले. रेसकोर्स उमरावांचे होते; तिथे हात घालायची कोणाला घाई नव्हती.

आज ज्याला आपण रेसचा घोडा म्हणतो, तो थरोब्रेड हा प्राणीच मुळात माणसाने घडवलेला. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत पूर्वेकडून इंग्लंडमध्ये आणलेले तीन नर, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, हे या जातीचे मूळपुरुष. बापाकडून वंशवेल शोधत गेले तर आजचे बहुतेक सगळे थरोब्रेड डार्ली अरेबियनच्या कुळातले निघतात, तेही १७६४ साली जन्मलेल्या एक्लिप्स या एकाच घोड्यामार्फत. १७९१ मध्ये या जातीची वंशावळ छापली गेली आणि पुढे तिच्याबाहेरच्या घोड्यांना या जातीचे दार बंद झाले. वेगासाठी निवड होत राहिली. हाडांच्या टिकाऊपणासाठी वेगळी निवड कोणी केली नाही.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या शर्यती आजच्यापेक्षा फार वेगळ्या होत्या. पाच-सहा वर्षांचे पुरे वाढलेले घोडे, चार-चार मैलांची दौड, आणि एकाच दिवशी अशा दोन-तीन फेऱ्या. त्यातही घोड्याचे हाल होतेच, जुने ते सगळे सोने समजायचे कारण नाही. पण १७७६ मध्ये सेंट लेजर आणि १७८० मध्ये डर्बी सुरू झाली ती तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. १७८६ मध्ये न्यूमार्केटला दोन वर्षांच्या घोड्यांसाठी जुलै स्टेक्स सुरू झाली, ती आजही धावते. कारण सरळ होते. घोडा सहाव्या वर्षापर्यंत नुसता पोसायचा म्हणजे पैसा अडकून पडतो. कोवळा घोडा लवकर पळवला की पैसा लवकर सुटतो. शिवाय लहान घोड्याचा अंदाज बांधणे अवघड, म्हणजे पैजेला रंग अधिक. घोड्याच्या वयाचा निर्णय असा घोड्याशी संबंध नसलेल्या कारणांनी झाला आणि तो अजून फिरलेला नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचा कागदोपत्री वाढदिवस १ जानेवारी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये १ ऑगस्ट. एप्रिलच्या शेवटी जन्मलेले शिंगरू पुढच्या १ जानेवारीला आठ महिन्यांचे असतानाच ‘एक वर्षाचे’ होते. दोन वर्षांच्या गटात ते उतरते, तेव्हा खरे वय दोनच्या आतही असू शकते. १८४४ च्या डर्बीत ‘रनिंग रेन’ म्हणून पळालेला आणि जिंकलेला घोडा प्रत्यक्षात चार वर्षांचा निघाला. केवढा गहजब झाला! प्रकरण कोर्टात गेले, विजय काढून घेतला. वयाची चोरी पकडायला अख्खे रेसविश्व कामाला लागले ते पैजेत खोट आली म्हणून. कोवळ्या घोड्याला पळवणे बरे की वाईट, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हता.

या प्रश्नाचे उत्तरही दोन्ही बाजू सांगतात तितके सोपे नाही. वाढत्या वयात बेताचा व्यायाम मिळालेले हाड जास्त भक्कम होते, असे पशुवैद्यकातले बरेच संशोधन सांगते. घात होतो तो विश्रांतीशिवाय पुन्हा पुन्हा पूर्ण वेगाने पळवल्याने. घोड्याचा पुढचा पाय जवळून पाहिला की ते कळते. गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच: मधले नळीचे हाड, मागून जाणारे कंडरे आणि वर कातडी. पाचशे किलोंच्या आसपास वजनाचा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने दौडत असताना प्रत्येक टापेत एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो, आणि तो भार वजनाच्या सुमारे अडीच पट असतो. त्या नळीला केसाएवढ्या चिरा जातात. थांबलात तर त्या भरून येतात. तरुण घोड्याची नडगी पुढून गरम लागते, हात लावला की तो पाय आखडून घेतो. खरारा करणाऱ्या माणसाला हे सगळ्यात आधी कळते. त्याचे त्या घोड्यावर प्रेम असते यात शंका नाही; रेसवाले ‘आमच्याइतकी काळजी कोण घेतो’ म्हणतात, ते अशा माणसांच्या जोरावर. पण घोडा शनिवारी पळणार की नाही, हे तो ठरवत नाही.

चिरा भरायच्या आत पुन्हा दौड झाली की एके दिवशी हाड मोडते. ६ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर रफियन ही तोवर एकदाही न हरलेली घोडी केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामवंत शर्यत जिंकलेल्या फूलिश प्लेझर या घोड्याशी एकास एक अशी पळाली. टीव्हीवर लाखो लोक पाहत होते. वाटेतच तिचा उजवा पुढचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण भुलीतून बाहेर येताना ती आडवी पडल्या पडल्या पळायला लागली, प्लास्टर फुटले, आणि दुसऱ्या दिवशी तिला मरण द्यावे लागले. २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारोचा मागचा पाय दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मोडला. त्याच्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात आठ महिने उपचार झाले, पैशाचा प्रश्न नव्हता, नामवंत सर्जन होते. मोडलेला पाय बराच सावरला. पण घोडा एका पायावरचे वजन दुसऱ्यावर टाकतो तेव्हा त्या धडधाकट पायाच्या खुराच्या आतली वीण सुजून सुटायला लागते. बार्बारोला त्यानेच गाठले. जानेवारी २००७ मध्ये त्याला संपवावे लागले. ‘पाय मोडला म्हणून लगेच मारतात, निर्दयी कुठले’ असे म्हणणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. मोडल्यानंतरची निर्दयता फारशी नसते. प्रश्न मोडण्याआधीचा आहे.

उत्तेजकांचा इतिहास पैजेपासून घोड्यापर्यंतची हीच वाट दाखवतो. १९०० च्या सुमारास काही अमेरिकन ट्रेनर इंग्लंडमध्ये आले आणि त्यांचे घोडे कोकेनसारख्या द्रव्यांच्या जोरावर अचाट पळू लागले. जॉर्ज लँबटन या ट्रेनरने अधिकाऱ्यांचे डोळे उघडावेत म्हणून आपल्याच, एरवी सुमार घोड्यांना औषध देऊन ते जाहीरपणे पळवले. त्यातले बहुतेक जिंकले! १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये रेसचे नियम ठरवणाऱ्या जॉकी क्लबने डोपिंग, म्हणजे घोड्याला अशी द्रव्ये देणे, गुन्हा ठरवले, आणि १९१० मध्ये युरोपात घोड्याच्या लाळेची तपासणी सुरू झाली. घोड्याचे काळीज फुटेल ही चिंता यात दुय्यम होती. मुख्य चिंता निकाल खोटा ठरण्याची.

नंतर गाडी उत्तेजकांवरून वेदनाशामकांवर आली आणि तिथे पैज व घोडा यांचे हित पहिल्यांदा एकत्र आले. लंगडणे हा घोड्याचा बोलण्याचा एकमेव मार्ग. फेनिलब्युटाझोनसारखे औषध तो बंद करते. १९६८ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेल्या डान्सर्स इमेजच्या तपासणीत हेच औषध सापडले आणि विजय काढून घेतला गेला. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी काय केले? अशा औषधांबाबतचे नियम सैल केले. जोरदार दौडीत घोड्याच्या फुप्फुसात रक्तस्राव होतो, त्यावरचे फ्युरोसेमाइड हे औषध तिथे शर्यतीच्या दिवशी सर्रास टोचले जाऊ लागले, तर युरोपात शर्यतीच्या दिवशी त्याला मनाई राहिली. मार्च २०२० मध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी ट्रेनर आणि पशुवैद्यांसह पंचवीसहून अधिक जणांवर डोपिंगचे आरोप ठेवले. त्यातल्या होर्हे नवारो या ट्रेनरला २०२१ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

अडथळ्यांच्या शर्यतींची गोष्ट कॅमेऱ्यामुळे बदलली. लिव्हरपूलजवळ एंट्री (Aintree) नावाच्या मैदानावरच्या ग्रँड नॅशनलमध्ये १८३९ सालच्या पहिल्या मोठ्या शर्यतीतच एक घोडा मेला होता. १९५४ मध्ये एकाच शर्यतीत चार मेले आणि विषय संसदेपर्यंत गेला. पण खरा धक्का बसला तो २०११ मध्ये. दोन घोडे मेले, दुसऱ्या फेरीत उरलेल्या घोड्यांना ते अडथळे टाळून बाजूने न्यावे लागले, आणि वरून टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ताडपत्रीखालचे देह जगभर दाखवले. पुढच्या वर्षी आणखी दोन. २०१३ पासून अडथळ्यांच्या आतले कडक लाकूड काढून लवचीक प्लास्टिक घातले गेले. २०२४ मध्ये घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली. एवढी वर्षे हे का जमले नाही, याचे तांत्रिक उत्तर मला तरी कुठे दिसत नाही.

त्याच २०११ च्या विजेत्या जॉकीवर चाबकाच्या अतिवापरासाठी पाच दिवसांची बंदी आली होती. विजय मात्र त्याच्याकडेच राहिला. म्हणजे मारून जिंकणे परवडत होते. नॉर्वेने वेग वाढवण्यासाठी चाबूक वापरायला १९८२ मध्येच बंदी घातली, आणि तिथे शर्यती बंद पडल्या नाहीत. ब्रिटनने २०११ मध्ये फटक्यांची मर्यादा सपाट शर्यतीत सात आणि अडथळ्यांच्या शर्यतीत आठ केली, २०२३ मध्ये ती सहा आणि सात झाली, आणि मर्यादेपेक्षा चार फटके जास्त झाले तर घोडाच बाद ठरू लागला. गंमत अशी की चाबकाचा उपयोग तरी होतो का, हे तपासायलाच फार काळ गेला. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की शेवटच्या टप्प्यातल्या दमलेल्या घोड्याचा वेग फटक्यांनी वाढत नाही. २०२० मध्ये त्याच विद्यापीठातून आणखी एक अभ्यास आला: घोड्याच्या कातडीच्या बाहेरच्या थराची जाडी आणि तिथली चेतातंतूंची दाटी यांत माणसाच्या कातडीपेक्षा लक्षणीय फरक नाही. ‘जाड कातडीला लागत नाही’ हा शौकिनांचा जुना दिलासा तिथे संपला.

अमेरिकेला जाग आली ती कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्समुळे. डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या हंगामात तिथे तीस घोडे दगावले. पाऊस विलक्षण झाला होता, धावपट्टीवर शंका घेतली गेली, मार्चमध्ये शर्यती थांबवाव्या लागल्या. तोपर्यंत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने देशभरासाठी एक प्राधिकरण आले, त्याचे सुरक्षेचे नियम जुलै २०२२ पासून आणि डोपिंगविरोधी नियम मे २०२३ पासून लागू झाले. देशभरातल्या मृत्यूंची सलग मोजणी तिथे २००९ पासून झाली: त्या वर्षी दर हजार सहभागांमागे दोन मृत्यू, २०२३ मध्ये १.३२. प्राधिकरणाच्या अखत्यारीतल्या रेसकोर्सवर २०२४ मध्ये हे प्रमाण ०.९० वर आले. सुधारणा खरी आहे. पण या आकड्यात शर्यतीनंतर ७२ तासांत गेलेलेच घोडे धरतात, आणि सांता अनिताच्या तीसपैकी बरेच सरावात गेले होते.

या सगळ्यात धावपट्टीबाहेरचे आयुष्य मागे राहिले. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो. रेसचा घोडा बराचसा दिवस एका खणात, दाण्याच्या खुराकावर काढतो. पोटातले व्रण आणि दाराची कड चावत हवा ओढण्याची सवय हे तबेल्यातले रोजचे विषय. आणि शर्यती संपल्यावर? १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला फर्डिनंड जपानमध्ये पैदाशीसाठी विकला गेला आणि २००२ मध्ये तिथे कत्तलखान्यात संपला. बातमी बाहेर यायला पुढचे साल उजाडले. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वाहिनीने क्वीन्सलँडच्या कत्तलखान्यात निवृत्त घोड्यांना कसे वागवले जाते, ते छुप्या चित्रणातून दाखवले. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये तसेच प्रकरण बाहेर आले. जानेवारी २०२२ पासून ब्रिटनमध्ये शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या पासपोर्टवर, म्हणजे ओळखपत्रावर, तो माणसाच्या खाण्यासाठी वापरता येणार नाही, अशी नोंद सक्तीची आहे. शर्यतीसाठी जन्माला घातलेल्या, पण वेग कमी पडल्याने एकदाही न पळवलेल्या घोड्यांना हा नियम लागू होत नाही.