मागं सरकायला जागा नसते तेव्हा: रेंजफाइंडरच्या अल्ट्रावाइड लेन्सची पार्श्वभूमी

अजिंठ्याच्या 26 नंबर लेण्यात डाव्या हाताला महापरिनिर्वाणाचा बुद्ध आहे, साधारण 7 मीटर लांब, आणि त्याच्यासमोर खांबांची रांग, मधे बोळासारखी जागा. तिथं 50 मिमीची लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद) लावून उभं राहिलं की कळतं आपण काय विसरून आलोय. हिशोब सोपा आहे, अख्खी मूर्ती आडव्या फ्रेममधे बसवायची तर 50 नं जवळपास 10 मीटर मागं जावं लागतं, 35 नं 7, 21 नं 4, आणि 15 असली की 3 मीटरच्या आत भागतं. पण मागं तर खांब! म्हणून कुणी विचारलं की रेंजफाइंडरला, म्हणजे आरसा नसलेल्या, वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्याला, कोणती अल्ट्रावाइड (फार रुंद बघणारी लेन्स) घेऊ, तर आधी ही जुनी गोष्ट सांगतो, कारण आज दुकानात जे दिसतं ते सगळं तिथूनच आलंय.

वाइडची खरी कटकट कडेचा उजेड. कोन वाढला की कोपऱ्यात उजेड कोसाइनच्या चौथ्या घातानं कमी होतो, म्हणजे 90 अंशाच्या लेन्सला कोपऱ्यात मधल्याच्या फक्त पाव उजेड, 2 स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि 110 अंशाला 3 स्टॉपच्या वर. 1900 मधे गोएर्झ कंपनीनं हायपरगॉन काढली, दोनच भिंगं, दोन्ही अर्ध्या गोट्यासारखी, 135 अंशांपर्यंत बघणारी. कडा काळ्या पडू नयेत म्हणून तिच्यासमोर चांदणीच्या आकाराचा एक पंखा होता आणि तो रबरी फुग्यानं हवा मारून फिरवायचा, एक्सपोजरच्या मधेच! लई हसलो होतो पहिल्यांदा वाचून, पण काम करायचा बिचारा.

मग रशियात मिखाईल रुसिनोव. विमानातून नकाशे काढायच्या लेन्स करताना त्यानं 1946 च्या सुमारास अशी रचना काढली की तिरकं बघितलं तरी लेन्सचं भोक मोठंच दिसतं, त्यामुळं कडेला उजेड जरा जास्त पोचतो. त्याचीच रुसार एमआर-2, 20 मिमी, एफ 5.6 (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी), लायका कॅमेऱ्याच्या जुन्या आट्याची, 1958 ची. तिकडं लुडविग बर्टेलेनं झाइससाठी बायोगॉन केली, 21 मिमी एफ 4.5, कॉन्टॅक्स कॅमेऱ्याला 1954 मधे. लायकानं श्नायडरकडून सुपर-अँग्युलॉन घेतली, 1958 ला एफ 4 आणि 1963 ला एफ 3.4.

या सगळ्यांत एक सारखी गोष्ट म्हणजे पुढचा आणि मागचा भाग जवळपास आरशातल्यासारखा, आणि मागचं भिंग पार शटरला टेकायला आलेलं. त्याच्यानं सरळ रेघ सरळच राहते, लेण्यातले खांब धनुष्यासारखे वाकत नाहीत. रेंजफाइंडरमधे आरसा नाही म्हणून हे जमलं. एसएलआरवाल्यांना (आरशातून, लेन्समधूनच बघायचा कॅमेरा) आरशाला जागा सोडावी लागते, म्हणून 1950 मधे आंजेन्यूनं रेट्रोफोकस काढली, भिंग लांब ठेवूनही वाइड. निकॉननं 1959 ला 21 एफ 4 एसएलआरला दिली ती मात्र आरसा वर अडकवून आणि वेगळा फाइंडर (फ्रेम बघायची खिडकी) लावून, म्हणजे एसएलआर घेऊन त्याचं रेंजफाइंडरच केलं की राव!

पण मागं घुसलेलं भिंग लायकालाच नडलं. 1971 च्या एम5 कॅमेऱ्यात शटरपुढं दांडीवर उजेड मोजायचा मीटर आला, आणि सुपर-अँग्युलॉन लावली की त्याला नीट मोजताच येईना. 1980 ची 21 एल्मारिट-एम म्हणून रेट्रोफोकस पद्धतीची आहे. जुनी 21 घेणार असाल तर तुमच्या बॉडीचा मीटर तिच्याबरोबर चालतो का ते आधी बघा, नाहीतर हातातला मीटर वापरा.

सगळ्यात टोकाला गेली ती हॉलोगॉन, 15 मिमी, तीन भिंगं, एफ 8 वर कायमची थांबलेली. 1969 ला ती तिच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात आली, 1972 ला लायका माउंटमधे. कडा सावरायला मधोमध काळसर असलेला फिल्टर, त्यात अजून 2 स्टॉप गेले, म्हणजे एफ 16 च समजा. लेण्यात हिचा काय उपयोग, फ्लॅश तर चालतच नाही.

आपल्यासारख्यांसाठी दार उघडलं ते 1999 मधे, कोसिनानं फोक्टलेंडर नावानं 15 मिमी एफ 4.5 आणि बेसा-एल काढली तेव्हा. बॉडीला ना फाइंडर ना रेंजफाइंडर, लेन्सला रेंजफाइंडरशी जोड (कपलिंग) नाही, फाइंडर कॅमेऱ्यावरच्या खाचेत (शू) लावायचा. लागतच नाही म्हणा फोकस, एफ 8 ला 1 मीटरवर ठेवलं की अर्ध्या मीटरपासून पुढं सगळं शार्प. पुढच्या वर्षी 12 आली आणि 2016 ला 10 मिमी, 130 अंशांची.

माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी 21, आणि 15 कुणाची मागून आणा. मी तसंच केलं. पहिला रोल धुऊन आला तर तीन फोटोंत कोपऱ्यात माझंच बोट.