पुं-हॉर्मोने

पुरुषी शारीरिक लक्षणे घडविणाऱ्या व टिकविणाऱ्या स्टेरॉइड हॉर्मोनांचा गट. परिभाषेत यांना ‘पौरुषजने’ असेही म्हणतात. ती मुख्यतः वृषणांत, तर अल्प प्रमाणात अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथींत व अंडाशयांत तयार होतात. टेस्टोस्टेरॉन हे त्यांतील प्रमुख. मुंबईच्या व्यायामशाळांत त्याचे ‘टेस्टो’ झाले आहे. तेथे हा शब्द बहुधा बाहेरून टोचलेल्या औषधाला लावतात, शरीरात बनणाऱ्या द्रव्याला नव्हे. बरेच गैरसमज तेथूनच सुरू होतात.

इतिहास : वृषणे काढल्याने नर बदलतो हे ज्ञान फार जुने असून त्याचा काळ ठरविणे अवघड आहे. गोऱ्हा खच्ची केला तर बैल, राखला तर वळू, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. (मराठीत ‘खच्चीकरण’ हल्ली जनावरांपेक्षा मनोधैर्याचेच अधिक होते, ही गोष्ट निराळी.) वाद होता तो हा परिणाम मज्जातंतूंमार्फत होतो की रक्तामार्फत, याविषयी. १८ व्या शतकात शल्यविशारद जॉन हंटर यांनी कोंबड्यांत वृषणाचे प्रतिरोपण केले होते, म्हणून काही लेखक आद्य श्रेय त्यांना देतात. मात्र हंटर यांचा रोख ऊतक (पेशीसमूह) दुसऱ्या जागी जगते का, हे पाहण्यावर होता. जर्मनीतील गटिंगेन येथील आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी सहा कोंबड्यांवरील प्रयोग १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. वृषणे पूर्ण काढलेल्या कोंबड्यांचा तुरा सुकला. ज्यांच्या पोटात वृषण मूळ जागेवरून तोडून पुन्हा बसविले होते, ते मात्र आरवत व भांडत राहिले. जुन्या मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असल्याने परिणाम रक्तातून होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अंतःस्रावी शास्त्राचा (हॉर्मोनांच्या अभ्यासाचा) आरंभ येथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘हॉर्मोन’ हा शब्द मात्र १९०५ मध्ये आला.

१८८९ मध्ये ७२ वर्षांचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परतल्याचे जाहीर केले. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जेमतेम विरघळत असल्याने त्या जलीय अर्कात ते नगण्य असणार. अनुभव मनाचा होता, असेच आता मानतात. १९३१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बूटेनांट यांनी सुमारे १५,००० लिटर (काही नोंदींत आकडा मोठा आहे) मूत्रातून १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन हे पुं-हॉर्मोन वेगळे केले. १९३५ मध्ये लाकर यांच्या अॅम्स्टरडॅममधील गटाने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन मिळविले आणि त्याच वर्षी बूटेनांट व रुझिच्का यांनी त्याचे स्वतंत्रपणे संश्लेषण केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांत विभागले गेले.

निर्मिती व नियंत्रण : मेंदूतील अधोथॅलॅमसच्या संदेशावरून पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी एलएच व एफएसएच ही हॉर्मोने सोडते. एलएचमुळे वृषणातील लायडिख पेशी टेस्टोस्टेरॉन बनवितात, तर एफएसएच सर्टोली पेशींवर काम करून शुक्राणुनिर्मितीला हातभार लावते. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढले की वरचे संदेश मंदावतात. एफएसएचला लगाम घालणारे आणखी एक द्रव्य वृषणात असावे, अशा कल्पनेतून १९३२ मध्ये ‘इन्हिबिन’ हे नाव रूढ झाले.

या इन्हिबिनच्या शोधात मुंबईचा वाटा आहे, आणि तो थोडा गुंतागुंतीचा आहे. परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेत (सध्याची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था) ए. आर. शेठ व सहकाऱ्यांनी मानवी वीर्यद्रव व पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीतील, एफएसएच दाबणाऱ्या पेप्टाइडावर (छोट्या प्रथिनावर) दीर्घकाळ काम केले. १९८४ मध्ये ९४ अमिनो अम्लांच्या अशा प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध झाले. पाठोपाठ, १९८५ च्या सुमारास, अंडाशयातील पुटक-द्रवातून (बीजांडाभोवतीच्या पिशवीतील द्रवातून) निराळेच, दोन साखळ्यांचे प्रथिन वेगळे करण्यात आले आणि आज ‘इन्हिबिन’ म्हणतात ते तेच. ९४ अमिनो अम्लांचे प्रथिन पुरःस्थ ग्रंथीचा स्राव म्हणून निराळ्या नावाने ओळखले जाते व त्या ग्रंथीच्या कर्करोगाच्या संदर्भात अभ्यासले जाते. नाव गेले तरी काम वाया गेले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रजननक्षमतेवरील परिणाम : शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. त्यासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्याहून कित्येक पटींनी जास्त असावे लागते. बाहेरून इंजेक्शन घेतल्यास रक्तातील पातळी चढते, पण एलएच व एफएसएच दबल्याने वृषणातील पातळी कोसळते, वृषणे आक्रसतात आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साप्ताहिक टेस्टोस्टेरॉन चक्क गर्भनिरोधक म्हणून वापरले होते. शरीर कमावण्यासाठी ‘सायकल’ मारणाऱ्या (काही आठवडे सलग औषध घेणाऱ्या) तरुणाला हे सहसा लग्नानंतर, वीर्यतपासणीचा कागद हातात आल्यावर कळते. औषध थांबविल्यावर शुक्राणू बहुधा परततात. त्यास काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो.

याउलट नसबंदीने हॉर्मोने घटत नाहीत. शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनी बांधली जाते, तर हॉर्मोन थेट रक्तात उतरते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदी केंद्रे चालविली गेली. ‘ताकद जाते’ ही भीती तेव्हाही होती आणि आजही आहे.

शरीरावरील इतर परिणाम : आवाज फुटणे, दाढीमिशा, स्नायू व हाडांची वाढ, तांबड्या पेशींची निर्मिती ही कार्ये सुपरिचित आहेत. काही ऊतकांत टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होते व ते पुरःस्थ ग्रंथीवर आणि टाळूवरील केसांवर अधिक प्रभावी ठरते. काही अंश एस्ट्रॅडायॉल या स्त्री-हॉर्मोनात बदलतो, म्हणून अतिवापराने पुरुषाचे स्तन वाढू शकतात. रक्त घट्ट होणे हा आणखी एक धोका.

प्रौढ पुरुषात रक्तातील पातळी साधारण ३०० ते १,००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात. प्रयोगशाळेनुसार मर्यादा बदलतात. ती झोपेबरोबर चढते व सकाळी सर्वाधिक असते, म्हणून नमुना सकाळी, शक्यतो दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यावा. रात्रपाळी करणाऱ्याने मात्र डॉक्टरांना आपली झोपेची वेळ आधी सांगणे इष्ट.

स्त्रियांतही ही हॉर्मोने अल्प प्रमाणात असतात. ती वाढल्यास चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे व पाळीची अनियमितता आढळते. बहुपुटी अंडाशय विकार हे त्याचे सर्वांत सामान्य कारण होय.