कुटुंबाची असुरक्षितता कशी मोजतात?

पिवळी शिधापत्रिका असलेले कुटुंब गरीब आणि केशरी असलेले सावरलेले, असा समज मराठवाड्यात गावोगावी आढळतो. शिधापत्रिकेवरून कुटुंबाची नोंदवेळची स्थिती फार तर कळेल. पुढच्या वर्षी पावसाने ओढ दिली किंवा घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला तर त्याच कुटुंबाचे काय होईल, हे कळत नाही. समाजकल्याणाच्या संशोधनात या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला असुरक्षितता म्हणतात.

तिचे एक सुंदर गणित शुभम चौधुरी, ज्योत्स्ना जलान आणि असेप सूर्यहादी यांनी इंडोनेशियातील कुटुंबांच्या माहितीवरून 2002 मध्ये मांडले. नजीकच्या भविष्यात कुटुंबाचा खर्च दारिद्र्यरेषेखाली घसरण्याची संभाव्यता म्हणजे असुरक्षितता. शिक्षण, जमीन, कामाचे स्वरूप, खाणारी तोंडे यांवरून आधी कुटुंबाच्या सरासरी खर्चाचा अंदाज बांधायचा. मग अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतील फरकाचा वर्ग (फरक गुणिले फरक) काढून तोही याच गुणांशी जोडायचा, म्हणजे कोणत्या प्रकारच्या घराचा खर्च किती हेलकावतो ते कळते. हा फरक एरवी चूक म्हणून बाजूला टाकला जातो. येथे तोच मुख्य पुरावा ठरतो.

समजा, रेषा महिना 8,000 रुपयांची आहे. शाळेतील शिपायाच्या घरचा सरासरी खर्च 10,000 आणि प्रमाण विचलन, म्हणजे खर्च सरासरीभोवती किती हेलकावतो त्याचे माप, 1,000. कोरडवाहू सोयाबीनवर जगणाऱ्या घरची सरासरी 12,000, पण विचलन 8,000. मूळ पद्धतीतील लॉगॅरिदम सोपेपणासाठी वगळून घंटाकृती वक्र (बहुतेक खर्च सरासरीजवळ, टोकाचे विरळ) धरला, तर पहिले घर रेषेखाली जाण्याची शक्यता शंभरात सुमारे 2, दुसऱ्याची सुमारे 31. सरासरी जास्त असलेले घरच अधिक धोक्यात आहे. अशा घरावर लागोपाठ दोन संकटे आली की लोक साडेसातीला बोल लावतात आणि शांतीसाठी पुन्हा कर्ज काढतात. वास्तविक एवढ्या मोठ्या विचलनात लागोपाठची दोन वाईट वर्षे मुळीच दुर्मीळ नाहीत.

मोजणीत खरी अडचण वेगळीच येते. दुष्काळात गळ्यातली पोत गहाण ठेवून किराणा भरला, तर त्या वर्षीचा खर्च नेहमीएवढाच दिसतो आणि घर सुरक्षित ठरते. म्हणून खर्चासोबत काय विकले, काय गहाण पडले, मुकादमाकडून किती उचल घेतली, हेही विचारावे लागते. आणि ते दिवाळीपूर्वी विचारावे लागते, कारण बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे कोयते एकदा कारखान्यांकडे निघाले की पाहणी करणाऱ्याच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे ‘घर बंद’ एवढीच नोंद उरते.