अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा (अल्बम)

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा चौथा अल्बम. प्रकाशन नोव्हेंबर १९७५. एकूण १२ गाणी, लांबी सुमारे ४३ मिनिटे. नाव मार्क्स बंधूंच्या १९३५ सालच्या विनोदी चित्रपटावरून घेतलेले.

गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारला जन्मलेला फारोख बल्सारा. तो पाचगणीला शिकला, एवढ्या धाग्यावर महाराष्ट्रात त्याला ‘आपला’ म्हणतात आणि नाशिककरही त्यात मागे नाहीत. पण हा अल्बम इथल्या कानाला मानवतो त्याचे कारण पाचगणी नव्हे, संगीत नाटक. नांदी, ठुमरीच्या अंगाचे पद आणि विनोदी प्रवेश एकाच बैठकीत पचवलेल्या श्रोत्याला दर गाण्याला बाज बदलणारा अल्बम विस्कळीत वाटत नाही.

पहिले गाणे जुन्या व्यवस्थापकावर दात-ओठ खाणारे, तर दुसरे थेट रविवारच्या निवांत दुपारचे. त्यातला आवाज जुन्या रेडिओतून आल्यासारखा वाटतो, कारण तो हेडफोनमधून पत्र्याच्या डब्यात वाजवून पुन्हा ध्वनिमुद्रित केला होता. ‘थर्टी-नाइन’ची चाल लोकगीताची आणि विषय अंतराळप्रवासाचा: प्रवासी वर्षभराने परततो, पण पृथ्वीवर पिढ्या उलटलेल्या असतात. रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेलेल्या ककुद्मी राजाची कथा ठाऊक असणाऱ्याला यात नवल वाटू नये. हे गाणे लिहिणारा गिटारवादक ब्रायन मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. अर्धवट राहिलेली पीएच.डी. त्याने २००७ मध्ये पूर्ण केली.

‘गुड कंपनी’ मात्र हेडफोन लावूनच ऐकावे. त्यात क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असा अख्खा जॅझ बँड वाजतो, लग्नाच्या वरातीत शोभेल असा. प्रत्यक्षात ती सगळी एकच गिटार आहे, मे आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली. तिच्या दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले आहे. अल्बमच्या वेष्टनावर ‘सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारे वाद्य) नाही’ असे बजावले आहे ते उगाच नव्हे.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ५ मिनिटे ५५ सेकंदांची. रेडिओसाठी फार लांब असे म्हटले गेले, तरी ती ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. मधल्या ऑपेराच्या भागात मर्क्युरी, मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर हे तिघेच थरावर थर चढवून गातात. त्या गदारोळात ‘बिस्मिल्ला’ ऐकू आले की नवखा श्रोता हमखास गाणे मागे नेऊन पुन्हा ऐकतो. ‘स्वीट लेडी’ तेवढे भरतीचे. ते गाळले तरी काही बिघडत नाही.

नाशिकच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) त्र्यंबकच्या एसटीत बसताना अल्बम लावला आणि सातपूरला गर्दीने अडवले नाही, तर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ अंजनेरीच्या आसपास येते. त्यानंतर गिटारवरचे ब्रिटिश राष्ट्रगीत, सव्वा मिनिटाचे. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते, तसे.