गँडाल्फ नेमका कुणाकडे बघतो?

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटमालिकेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्यात काय, सगळं कॉम्प्युटरवर केलंय." २००१ साली आलेल्या पहिल्या भागात गँडाल्फ आणि फ्रोडो घोडागाडीवर शेजारी शेजारी बसून गप्पा मारत येतात. गँडाल्फ हा धिप्पाड जादूगार, फ्रोडो हा लहान मुलाएवढ्या उंचीच्या 'हॉबिट' जमातीतला. हा फरक कॉम्प्युटरने केलेला नाही. गाडीची बैठकच अशी बांधली होती, की फ्रोडो झालेला इलायजा वुड गँडाल्फ झालेल्या इयन मॅकेलनच्या बराच मागे बसेल. कॅमेऱ्यातून बघताना मात्र दोघांची एकच बैठक दिसते. या युक्तीला फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. तिच्यातलं गणित सुंदर आहेच, पण तिचा खरा भार नटाच्या डोळ्यांवर पडतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

एका लेन्सला वस्तूची उंची कळत नाही. कळतो तो फक्त वस्तूने लेन्सशी केलेला कोन. हात ताणून अंगठा समोर धरला तर तो साधारण २ अंश जागा व्यापतो, पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश. म्हणून साडेतीन हजार किलोमीटर व्यासाचा चंद्र अंगठ्याआड लपतो. कोन तोच राहिला तर 'लहान पण जवळ' आणि 'मोठं पण लांब' यांत लेन्स फरक करू शकत नाही. तो मेंदू करतो, आणि तोही जमीन, कडा, सावल्या अशा खुणांवरून. खुणा चुकीच्या मिळाल्या की अंदाजही चुकतो. लेहजवळच्या 'मॅग्नेटिक हिल'वर न्यूट्रलमधली गाडी चढ चढताना दिसते ती यामुळेच: आजूबाजूच्या डोंगरांमुळे खरं क्षितिज कळत नाही आणि उतार चढासारखा वाटतो. तिथे चुंबक किंवा कुठलीही शक्ती नाही. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली रस्त्यावर आडवी सोडा, तीही गाडीच्याच दिशेने घरंगळेल. रस्त्यावर पाणसळ ठेवली तर वादच मिटतो.

आता हिशेब मांडू. आकडे सेटवरचे नाहीत, समजायला सोपे म्हणून घेतले आहेत. १६८ सेंमी उंचीचा नट पडद्यावर १०७ सेंमीचा, म्हणजे साडेतीन फुटांचा दिसायला हवा. गुणोत्तर ०.६४. गँडाल्फ लेन्सपासून २ मीटरवर बसला असेल, तर हॉबिट त्याच्या १.५६ पट लांब, ३.१२ मीटरवर हवा. एवढ्याने भागत नाही. लेन्स जमिनीपासून १ मीटर उंचीवर असेल, तर मागची जमीन ५६ सेंमी खाली घ्यावी लागते. नाही घेतली तर मागचा माणूस चित्रात वर सरकतो आणि हवेत तरंगल्यासारखा दिसतो. दोघांमध्ये टेबल असेल तर ते दोन तुकड्यांत बनवायचं. जवळच्या तुकड्यावर ६ सेंमीचा पेला, मागच्यावर ९.४ सेंमीचा. लाकडाच्या रेषासुद्धा मागे त्याच प्रमाणात ठळक काढायच्या आणि दोन तुकड्यांमधली फट किटलीआड लपवायची.

फोकसचंही तसंच. लेन्सच्या एफचा आकडा जितका मोठा, तितकं तिचं भोक लहान आणि आत येणारा उजेड कमी. ३५ मिमीची लेन्स एफ २.८ ला उघडी ठेवली तर दोघांपैकी एक तरी चेहरा मऊ, म्हणजे धूसर येतो. एफ ५.६ ला, फोकस २.४४ मीटरवर ठेवून, दोघं जेमतेम धारदार येतात. म्हणजे सेटवर चौपट उजेड पाडावा लागतो. त्या उजेडात जवळच्याची सावली मागच्यावर पडता कामा नये.

हे सगळं सांभाळलं तरी एक गोष्ट सगळ्यावर पाणी फिरवू शकते: नजर, सेटवरच्या भाषेत 'लुक'. पडद्यावर दोघांमध्ये ६० सेंमी अंतर दिसायचं आहे. प्रत्यक्षात हॉबिट ९४ सेंमी बाजूला आणि ११२ सेंमी मागे बसला आहे, म्हणजे दोघांमध्ये जवळपास दीड मीटर. गँडाल्फने आपल्या सोबत्याच्या चेहऱ्याकडे खरोखर बघितलं, तर त्याची नजर हवी त्या दिशेपासून ५० अंशांनी मागे जाते. प्रेक्षकाला तो हॉबिटच्या पलीकडे, भिंतीकडे बघताना दिसतो. म्हणून दोघांनीही समोरच्याकडे न बघता रिकाम्या जागेकडे बघून बोलायचं. उत्तर मात्र ५० अंश बाजूने ऐकू येतं, आणि आवाजाच्या दिशेला मान वळवायची आपली सवय जन्मापासूनची.

यात दोघांची अडचण सारखी नाही. हॉबिटने बघायची जागा लेन्समधून गँडाल्फच्या बरोबर मागे येते. तिथे काठीवर खूण लावली तरी ती गँडाल्फच्या डोक्याआड लपते, कॅमेऱ्याला दिसत नाही. गँडाल्फसाठी तसं करता येत नाही, कारण त्याची खूण योग्य जागी ठेवली तर ती हॉबिटचा चेहराच झाकते. मग ती त्याच रेषेत पुढे, चौकटीबाहेर ठेवतात. दिशा बरोबर मिळते, अंतर मिळत नाही. ६० सेंमीवर बघताना प्रत्येक डोळा सुमारे ३ अंश आत वळतो, ३ मीटरवर बघताना ०.६ अंश. बुबुळाच्या सरकण्यात हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तेवढा चुकला की माणूस समोरच्याच्या 'आरपार' बघतोय असं वाटतं. लांबच्या खुणेकडे तोंड करून नजर ६० सेंमीवर धरून ठेवायची, आणि त्या जागी कुणी तरी आहे असं मानून बोलायचं! अभिनयाची जादू म्हणतात ती मला या अर्ध्या मिलिमीटरमध्ये दिसते.

आतापर्यंत कॅमेरा स्थिर होता. तो ३० सेंमी बाजूला सरकला तर जवळचा नट चित्रात जास्त सरकतो, मागचा कमी, आणि टेबलाचे तुकडे सुटे दिसतात. हा पॅरलॅक्स. जुन्या चित्रपटांत म्हणूनच अशा दृश्यांत कॅमेरा हलत नसे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दिग्दर्शक पीटर जॅक्सन याच्या चमूने कॅमेऱ्याबरोबर सेटचा तुकडा आणि त्यावरचा नट सरकवला. किती सरकवायचा? मागची दुनिया लेन्सच्या बिंदूपासून १.५६ पट फुगवलेली आहे. कॅमेरा जवळच्या दुनियेत ३० सेंमी चालला, तर मागच्या दुनियेत तो ४७ सेंमी चालायला हवा. उरलेले १७ सेंमी मागच्या तुकड्याने उलट दिशेला सरकून भरून काढायचे. कॅमेऱ्याच्या दर सेंटीमीटरला ०.५६ सेंमी. जमीन ५६ सेंमी खाली घेतली होती तो आकडाही हाच. कॅमेरा पुढे जाऊ दे, मागे येऊ दे, वर चढू दे, नियम तोच राहतो.

युक्ती हरते ती थ्रीडीपुढे. जॅक्सनचाच 'द हॉबिट' (२०१२) थ्रीडीत चित्रित झाला. दोन लेन्सांमध्ये ६ सेंमी अंतर असेल, तर डाव्या लेन्ससाठी मागचा नट एका जागी हवा आणि उजवीसाठी ३.४ सेंमी उलट बाजूला, दोन्ही एकाच क्षणी. ते अशक्य. मग दोन सेट लागले. एका सेटवर माणूस कॅमेरा चालवणार आणि दुसऱ्या, हिरव्या पडद्यांच्या सेटवरचा कॅमेरा त्याच हालचालीची ठरलेल्या प्रमाणात नक्कल करणार, आणि दोन्ही चित्रं मग एकत्र जोडायची. कथेतले तेरा बुटके (ड्वॉर्फ) एकीकडे, गँडाल्फ दुसरीकडे एकटा. मॅकेलनसमोर स्टँडवर त्या तेरा नटांचे फोटो होते. ज्याची बोलायची पाळी, त्याच्या फोटोवरचा दिवा लागायचा. हे करताना रडू आलं, असं मॅकेलनने नंतर स्वतः सांगितलं. नजरेचं गणित इथे उलट सोपं होतं, कारण खूण हव्या त्या जागी ठेवता येत होती. पण घोडागाडीवर नजर रिकाम्या जागी असली, तरी दोन हातांवर एक जिवंत माणूस बसलेला होता.