पेनसिल्व्हेनियातल्या सरकारी रानात हरणाची शिकार: जागा कशी ठरवावी
आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रायफल, बूट, नारिंगी जॅकेट यांची खरेदी तासाभरात उरकते. मग काउंटरवर कोपर टेकवून हमखास प्रश्न येतो, "आता जाऊ कुठं?" हे पत्रक त्या प्रश्नापुरतं आहे. इंग्रजीत यावर ढीगभर मजकूर आहे, पण वाचणाऱ्याचे आजोबा आणि काका शिकारी होते असं धरूनच तो लिहिलेला असतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हरणाच्या शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे आमच्या मराठी ग्राहकांना घरातून हे शिक्षण मिळालेलं नाही. सह्याद्रीत भटकलेल्यांकडे मात्र एक गोष्ट तयार असते: नकाशावरच्या समोच्च रेषा बघून त्यांना डोंगर दिसतो. ती इथं फार उपयोगी पडते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिले दोन-तीन सीझन घरापासून तास-दीड तासाच्या आतलं एक साधं रान धरा आणि तेच पिंजून काढा. उत्तरेकडच्या पॉटर, क्लिंटन परगण्यांतली अफाट जंगलं ऐकायला छान वाटतात, पण तिथं एकरी हरणं दक्षिणेतल्या शेतीच्या पट्ट्यापेक्षा कमी असतात. चार तास गाडी चालवून पोचलेला नवखा माणूस सीझनच्या आधी ते रान बघायला जातच नाही.

जागा उन्हाळ्यात ठरवा

बहुतेकजण नोव्हेंबरात विचारायला येतात, तेव्हा थोडा उशीर झालेला असतो. साध्या लायसन्सबरोबर शिंगवाल्या नराचा एक टॅग, म्हणजे मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी, मिळतो; एक टॅग म्हणजे एकच हरीण. मादीसाठी वेगळं लायसन्स लागतं, आणि ते राज्याच्या ठरावीक विभागापुरतंच चालतं. या विभागांना वाइल्डलाइफ मॅनेजमेंट युनिट म्हणतात. पाइक आणि मनरो परगण्यांचा भाग थ्री-डी मध्ये येतो. तिथला टॅग शेजारच्या विभागात चालत नाही. ही लायसन्स जूनच्या अखेरीपासून विकली जातात आणि मागणी असलेल्या विभागांतली लवकर संपतात. म्हणजे विभाग जूनमध्येच ठरलेला हवा. ती संधी हुकली तर डीमॅप नावाचं परमिट बघा. तेही मादीसाठीच असतं, पण विभागाऐवजी एखाद्या ठरावीक जमिनीपुरतं. अनेक स्टेट फॉरेस्टमध्ये ते मिळतं. जंगल खातं हे परमिट मुख्यतः जिथं हरणांनी रोपं खाऊन टाकली आहेत अशा तुकड्यांसाठी मागतं, त्यामुळे डीमॅपचा नकाशा हीच हरणं जास्त असल्याची एक खूण समजायला हरकत नाही.

पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. प्रौढांना तो ऑनलाइनही करता येतो.

एच-वन-बी, एल-वन अशा व्हिसावर असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. तेव्हा आधी लायसन्स, मग रायफल. मित्राची रायफल "जरा बघू" म्हणून हातात घेणंसुद्धा लायसन्स येईपर्यंत टाळा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, आणि धनुष्यबाण या मनाईत येत नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. आम्ही दुकानदार आहोत.

सरकारी जमीन, पण कुणाची?

राज्यात सुमारे १५ लाख एकर स्टेट गेम लँड्स, म्हणजे राज्याच्या गेम कमिशन या वन्यजीव आणि शिकार खात्याच्या जमिनी, आहेत. त्यातला पहिला तुकडा १९२० मध्ये एल्क परगण्यात घेतला गेला. गेम कमिशन सर्वसाधारण करांवर चालत नाही. ते शिकाऱ्यांच्या लायसन्सचे पैसे, बंदुका-गोळ्यांवरच्या केंद्रीय करातला वाटा आणि आपल्या जमिनींतल्या गॅस-लाकडाचं उत्पन्न यांवर चालतं. त्यामुळे या जमिनींवर शिकारीला पहिला मान असतो. स्टेट फॉरेस्ट सुमारे २२ लाख एकर आहे, आणि वायव्येला पाच लाख एकरांवर पसरलेलं ॲलेघेनी नॅशनल फॉरेस्ट आहे. स्टेट पार्कचे काही भागही उघडे असतात, पण तिथं फलक आणि नकाशा नीट वाचावा लागतो.

पूर्वेकडच्या आमच्या ग्राहकांना आम्ही बहुधा डेलावेअर स्टेट फॉरेस्ट सुचवतो. डेलावेअर वॉटर गॅप हे केंद्र सरकारचं क्षेत्रही जवळ आहे; नदीच्या या काठाला पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स चालतं, पलीकडे न्यू जर्सीचं. न्यू जर्सीत हरणावर साधी सेंटरफायर रायफल (काडतुसाच्या बुडाशी मधोमध आघात करणारी, म्हणजे हरणासाठीची नेहमीची रायफल) चालत नाही, हे एडिसनकडून येणाऱ्यांनी खरेदीआधीच लक्षात घ्यावं. हॅरिसबर्गकडच्या लोकांना गेम लँड क्रमांक २११ बरी. लांबच लांब धार आणि खाली दरी, त्यामुळे नकाशा वाचायला सोपी. टोबिहॅनाजवळची क्रमांक १२७ सुद्धा मोठी आहे, फक्त तिथं एकेकाळी तोफखान्याच्या सरावाचं मैदान होतं. जमिनीत अजून न फुटलेले गोळे सापडू शकतात. काही धातूचं दिसलं तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवून कळवा.

हद्द ओळखायला शिका. गेम लँडची हद्द झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवलेली असते. जांभळा पट्टा दिसला की खासगी जमीन, पाऊल टाकायचं नाही. जांभळ्या रंगाचा हा कायदा इथं २०२० मध्ये लागू झाला. जखमी हरीण पट्ट्यापलीकडे गेलं तरी मालकाला विचारल्याशिवाय मागे जाऊ नये. शिवाय वापरातल्या घराभोवती बंदुकीसाठी १५० यार्ड आणि धनुष्यासाठी ५० यार्ड मोकळे सोडावे लागतात. उपनगरांजवळच्या चिंचोळ्या तुकड्यांत हे अंतर वजा केल्यावर कधीकधी बसण्याजोगी जागाच उरत नाही.

नकाशावर काय शोधायचं

आता खरं काम. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तीन गोष्टी लागतात: खायला, दडून रवंथ करायला, आणि त्या दोन्हींमधून अंगावर वारा घेत जायला वाट. पाणी या राज्यात जागोजागी आहे, ते डोक्यातून काढा.

खाण्याचं आधी. ऑक्टोबरात ओकची फळं पडतात. व्हाइट ओकचं फळ कमी तुरट, म्हणून हरणं आधी त्याच्याखाली येतात. रेड ओकचं फळ मागाहून, थंडी वाढल्यावर. व्हाइट ओकची पानं गोल टोकांची, रेड ओकची काटेरी टोकांची, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ. ओक दरवर्षी सारखा फळत नाही, म्हणून गेल्या वर्षीची चांगली जागा यंदा ओस असू शकते. त्याचमुळे आम्हाला जास्त भरवसा वाटतो तो लाकूडतोड झालेल्या तुकड्यांवर. झाडं कापून तीन ते दहा वर्षं झाली की तिथं कोवळी फूट, काटेरी झुडपं, दाट रोपं माजतात. खाणं आणि दडण एकाच ठिकाणी. उपग्रहाच्या चित्रात असे तुकडे चौकोनी, फिकट रंगाचे दिसतात. काहींभोवती आठ फुटी कुंपण असतं, ते हरणांपासून रोपं वाचवायला. कुंपण नुकतंच काढलं असेल तर ती जागा वहीत लिहून ठेवा.

उलट, उंच झाडांखाली गुडघाभर नेच्याचा हिरवागार गालिचा दिसला की लोक हरखतात. हरणं तो नेचा खात नाहीत. बाकी सगळं खाऊन झाल्यावर तोच उरतो. फोटो काढा आणि पुढं चला.

दडणीसाठी माउंटन लॉरेलची दाट जाळी, हेमलॉकची सावली, दलदलीतली कोरडी उंचवट्याची जागा. डोंगराळ भागात नर बहुधा वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, धारेच्या थोडं खाली बसतो: मागून धारेवरून वारा, पुढं उतार नजरेखाली. आता समोच्च रेषा बघा. दोन टेकड्यांमधली खिंड, धारेवरून उतरणारी सोंड, उताराच्या मध्यावरची सपाट माची, ओढ्याचं चढायला सोपं टोक, अशा ठिकाणी हरणांच्या वाटा एकत्र येतात. कमी चढाची वाट जनावरही शोधतं. दडणीतून खाण्याकडे जाणारी वाट खिंडीतून जात असेल तर बसायची जागा खिंडीच्या तोंडाशी, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

वारा मात्र एकटा नसतो. ऊन चढलं की उतारावरची हवा वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. सकाळी उताराच्या वरच्या अंगाला बसलेला माणूस खालच्या हरणांना कळत नाही. संध्याकाळी तोच त्याच जागी सगळ्या दरीला आपला वास पोचवतो. म्हणून एक जागा कधी पुरत नाही. प्रत्येक रानात निदान दोन जागा ठरवून ठेवा, एक सकाळची, एक संध्याकाळची.

माणसांचा नकाशा

सरकारी रानात हरणाचा अभ्यास अर्धा, उरलेला माणसांचा. रायफलचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो (२०१८ पर्यंत सोमवार असे), आणि त्या पहाटे पार्किंग भरलेलं असतं. नकाशावर सगळी पार्किंगं, फाटकं, चालण्याच्या वाटा आधी रंगवा. बहुतेक लोक त्यांच्या आसपासच बसतात, साडेनऊ-दहाला थंडीने कुडकुडून उठतात आणि फिरू लागतात. हरणं तेव्हा हलतात, आणि जवळच्या सगळ्यात दाट जाळीत शिरतात. त्या जाळीकडे जाणाऱ्या वाटेवर तुम्ही डबा घेऊन दुपारपर्यंत बसलेले असाल तर इतरांची चालाचाल तुमच्या उपयोगी पडते. पोळीभाजी नेलीत तर गुंडाळी मऊ कापडात न्या, फॉइल फार वाजतं.

"जितकं आत तितकं चांगलं" हा सल्ला आम्हाला अर्धवट वाटतो. दोन मैल आत गेलेले तरुण आमच्याकडे दरवर्षी असतात. त्यांच्याआधी तिथं पोचलेले दुसरे तरुणही असतात. कित्येकदा हरीण मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या, गाड्यांच्या आवाजामुळे सगळे टाळतात अशा पट्ट्यात निवांत असतं. शिवाय परतीचा विचार करा. पोट साफ केल्यावरही नर चाळीस-पन्नास किलोचा असतो. तो उतारावरून गाडीकडे ओढता येईल अशी जागा निवडा; चढावर ओढणं एकट्याचं काम नाही.

रान बघायला कधी जावं? मार्च-एप्रिलात, बर्फ गेल्यावर. पानं नसतात, गेल्या सीझनच्या वाटा, लेंड्या, नरांनी शिंगं घासून सोललेली खोडं, सगळं उघडं दिसतं. मग ऑक्टोबरात एकदा, फक्त फळं पडली का ते बघायला. गोचिड्या दोन्ही वेळा असतात आणि लाइम रोग या राज्यात फार आहे; घरी आल्यावर अंग तपासा.

मचाण लावायचं असेल तर गेम लँडवर ते हलवता येण्याजोगंच हवं, पहिल्या सीझनच्या दोन आठवडे आधीपासून लावता येतं, त्यावर तुमचं नाव-पत्ता किंवा कमिशनने दिलेला क्रमांक हवा. झाडात खिळा किंवा स्क्रू मारायचा नाही. सेफ्टी हार्नेसशिवाय मचाण आम्ही विकत नाही, घासाघीस करू नये. रायफलच्या सीझनमध्ये डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी रंग लागतो. गोळी मैलभर जाते, म्हणून धारेवर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या हरणावर गोळी झाडायची नाही. मागे माती दिसली पाहिजे.

आणखी एक तपासणी जागा पक्की करण्याआधी करा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा रोग राज्यात २०१२ मध्ये सापडला आणि तेव्हापासून पसरतो आहे. ज्या भागांत तो आहे तिथून डोकं, पाठीचा कणा असे अवयव बाहेर नेता येत नाहीत, आणि या भागांच्या सीमा दरवर्षी बदलतात. तुमचं रान अशा भागात असेल तर मांस कापून देणारा त्याच भागातला आधीच बघून ठेवा. डोकं तपासणीसाठी टाकायच्या पेट्या कमिशनने ठेवल्या आहेत.

तारखा, तास, कोणते रविवार उघडे आणि नराच्या शिंगाला किती टोकं हवीत हे आम्ही मुद्दाम छापलेलं नाही, कारण ते बदलतं. रविवारची जुनी बंदी २०२५ च्या कायद्याने उठली, तरी त्या वर्षीचं कमिशनचं पुस्तक बघूनच निघा.

नकाशा घेऊन बसायला आम्ही पैसे घेत नाही. शनिवारची दुपार सोडून कधीही या. येताना तुमचा विभाग, गाडी चालवायची तयारी किती तासांची आहे आणि रायफल की धनुष्य, एवढं ठरवून या. जंगलात सोबत आम्ही येत नाही. गेम लँडवर पैसे घेऊन असा धंदा करता येत नाही.