दोन फुटी टाकीतला ॲमेझॉनवासी

ठाण्यात फिश टँकच्या दुकानात गोल्डफिश घेतले की दुकानदार हमखास विचारतो, "सकर देऊ का? टाकी साफ ठेवतो." काचेला तोंड चिकटवून बसलेला तो बोटभर, ठिपकेदार मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, कॅटफिशच्या चिलखती कुळातला. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या. शेवाळ तो खरवडतो, हे खरं. पण इतर माशांची विष्ठा खात नाही. उलट त्याची स्वतःचीच इतकी असते की फिल्टरवर ताण येतो.

वीज जाऊन एअर पंप बंद पडला की त्याची खरी करामत दिसते. गोल्डफिश वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात. सकर एकदाच सुर्रकन वर येतो, हवेचा घोट गिळतो आणि तळ गाठतो. ती हवा जाते जठरात. जठराची भिंत पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असते, तिथूनच ऑक्सिजन रक्तात शिरतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पूर ओसरला की डबक्यांतलं पाणी कोंडतं. तिथे या सोयीवरच त्याचा जीव तगतो. एकदा त्याचा डोळाही नीट पाहा. उजेडात बुबुळाची एक पाळी बाहुलीवर उतरते आणि बाहुली घोड्याच्या नालेसारखी दिसते. अंधारात पाळी मागे सरते, कारण हा मासा रात्रीचा.

दुकानात सांगत नाहीत ते हे, की नेहमी विकला जाणारा सकर ४० सेंमीच्या पुढे वाढतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत तो वळणार कसा? मग कुणीतरी पिशवीत घालून त्याला तलावपाळी किंवा उपवनच्या तलावात सोडून येतं, दया म्हणून. कृपा करून असं करू नका. कमी ऑक्सिजनात तगणारा हा मासा काठांत बिळं खणून अंडी घालतो, नर त्यांची राखण करतो, आणि चिलखतामुळे त्याला सहसा कुणी खात नाही. मेक्सिकोतल्या इन्फिएर्नियो जलाशयात तिलापियाची मोठी मासेमारी याच कुळानं कोलमडवली. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या भेऱ्यांतही, म्हणजे मासे पाळायच्या तळ्यांतही, तो पोचला आहे.

वाढलेला सकर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या शौकिनाला. नवा घ्यायचाच तर ब्रिसलनोज, म्हणजे याच कुळातला छोटा सकर, मागा. तो साधारण १२-१५ सेंमीवर थांबतो. टाकीत लाकडाचा ओंडका हवा, आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढायचं. नुसत्या शेवाळावर त्याचं भागत नाही, म्हणून दिवे मालवल्यावर काकडीची एक चकती टाका आणि सकाळी उरलेली काढून घ्या.